नकाराची कैफियत

लोकांना जी वस्तू खरोखर हवी असते ती बनवणाऱ्याला आधी कशी कळावी, आणि न कळताच ती बनवण्याचे धाडस त्याने कोणत्या आधारावर करावे, हा प्रश्न जितका व्यापाराचा तितकाच स्वभावाचा आहे. कृष्णाकाठच्या दोन वृद्ध स्नेह्यांमध्ये त्यावर झालेला वाद येथे दिला आहे. त्यांपैकी एक साताऱ्याचे, उभी हयात महसूल खात्यात घालवून निवृत्त झालेले मामलेदार, म्हणून अजूनही सर्वांचे रावसाहेब; दुसरे सांगलीचे, स्वतःची फौंड्री चालवणारे आणि कामगारांपासून व्याह्यांपर्यंत सर्वांचे बापू. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, एवढ्या आधारावर रावसाहेब बापूंच्या गावाला अद्यापही साताऱ्याचा पोटहिस्सा समजतात. आणि बापू ते कधी मान्य करीत नाहीत.

रावसाहेब : बापू, तुम्हां कारखानदारांचा हल्ली एकच जप चालतो, की ग्राहकाला विचारा, त्याच्या दारी जा, तो म्हणेल ते करा. पण तुमच्याच जिल्ह्यात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० साली जी वाडी वसली, तिचा पाया या जपाच्या अगदी विरुद्ध अशा हट्टावर घातला गेला आहे, हे तुम्ही कसे विसरता? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास असताना १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो कोणी मागितला होता? लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे तो खपू लागायलाच दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत त्यांनी लोकमताचा कौल शिरसावंद्य मानला असता, तर ते आपल्या सायकलींच्या दुकानात सुखाने राहिले असते, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींना त्यांना जागा देण्याचे कारण पडले नसते, आणि किर्लोस्करवाडी हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकात आले नसते. ज्याला दूरचे दिसते त्याने जवळचे दिसणाऱ्याला विचारत बसू नये, हा माझा सिद्धांत आहे.

बापू : रावसाहेब, तुमचा दाखला खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. लक्ष्मणरावांचा हट्ट मीही वंद्य मानतो, पण शेतकऱ्याचा तो नकार तुम्ही अडाणीपणा म्हणून निकालात काढता, आणि तिथेच आपली वाट फुटते. जरा विचार करा, जुन्या लाकडी नांगराचा फाळ कशाचा होता? लोखंडाचाच. पिढ्यान्‌पिढ्या तो फाळ जमिनीत जात होता आणि कोणाच्या जमिनीला विषबाधा झाली नव्हती, हे त्या कुणब्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मग तो विषाचे नाव का घेत होता? कारण जी भीती त्याला शब्दांत मांडता येत नव्हती तिला विषाचे नाव देणे सोपे होते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून देई, त्याचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने जाई, आणि पेरणीच्या ऐन घाईत रोख पैशासाठी सावकाराचा उंबरा झिजवावा लागत नसे. हा बिडाचा नांगर शेतात मोडला तर? सुताराला तो साधत नाही, लोहाराला बीड जोडता येत नाही, आणि बेळगाव कित्येक कोस दूर. शिवाय हे नवे हत्यार खरोखर चांगले की वाईट, हे कळायला एक संपूर्ण हंगाम लागणार, आणि ते वाईट ठरले तर वर्षाचे पीक जाणार शेतकऱ्याचे, कारखानदाराचे नव्हे. तो नकार म्हणजे जोखमीचा हिशेब होता. फक्त तो दुसऱ्या भाषेत लिहिलेला होता.

रावसाहेब : हे तुम्ही आज, शंभराहून अधिक वर्षांनी, त्यांच्या वतीने लिहिलेले वकीलपत्र झाले.

बापू : माझे अनुमान आहे, हे कबूल, पण त्याला एक साक्षीदार आहे. नांगराच्या आधी त्याच कारखान्यात कडबा कापायचे यंत्र तयार होत होते. तेही लोखंडाचेच आणि नवेच होते. पण त्याबाबत विषाची कथा उठल्याचे माझ्या ऐकिवात नाही. याचे कारण मला स्पष्ट दिसते. आख्खा कडबा टाकला तर जनावर पाने ओरबाडते आणि जाड ताटे तुडवून टाकते; बारीक करून टाकला तर गव्हाणीत फारसे काही उरत नाही. हा लाभ त्याच संध्याकाळी गोठ्यात दिसतो, आणि यंत्र बंद पडलेच तर कोयता आहेच. वर्षाचे पीक पणाला लागत नाही. म्हणून माझा पहिला नियम असा, की वस्तूचा गुण दिसायला जितका अवधी लागतो आणि ती फसल्यास वापरणाऱ्याचे जितके नुकसान होते, तितका तिच्याविषयी संशय घेण्याचा त्याला अधिकार आहे. आणि तो संशय दूर करण्याचा खर्च वस्तूच्या किमतीतच धरला पाहिजे.

रावसाहेब : थांबा. तुम्ही नकळत माझ्याच खात्याच्या अंगणात आलात. जमिनीच्या हक्कात काही बदल झाला की तलाठी फेरफार लिहितो, हितसंबंधितांना नोटिसा काढतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती मागवतो. हरकत आली की ती तक्रारी नोंदवहीत जाते आणि पुढे तिची चौकशी होऊन निकाल दिला जातो. या कामात मी केस पांढरे केले, आणि एक गोष्ट मला पक्की कळली, की हरकतीच्या अर्जात लिहिलेले कारण आणि हरकतदाराच्या पोटातले कारण ही क्वचितच एक असतात. भाऊ लिहितो की वारसाच्या दाखल्यावरची सही खोटी आहे. समोर बसवून निवांत बोलते करावे तर निघते असे, की सहीबद्दल त्याला काही म्हणायचे नाही, विहिरीच्या पाण्याची पाळी आपल्याला मिळेल की नाही या धास्तीने त्याची झोप उडाली आहे. पाळी ठरवून दिली की सही आपोआप खरी ठरते. तेव्हा तुमच्या कुणब्याचे विष आणि माझ्या हरकतदाराची सही ही एकाच जातीची, हे मी मान्य करतो.

बापू : मग वाद मिटला.

रावसाहेब : छे, आता तर तो सुरू झाला. हरकत ऐकून घेणे हे एक आणि हरकत मान्य करणे हे दुसरे. फैसला देणारा वेगळाच असतो, आणि त्याला कायदा ठाऊक असावा लागतो. लक्ष्मणरावांनी हरकत वाचली असेल, पण नांगर लाकडी केला नाही.

बापू : नाही केला, आणि करूही नये. पण नांगराभोवती काय काय उभे राहिले ते पाहा. १९२० साली वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ यांच्या जोडीने महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची वैचारिक जडणघडण त्याने केली, म्हणून आपण त्याची गणना वाङ्मयात करतो. परंतु जन्मतः ते कारखान्याचे पत्र होते, नांगर आणि चरक वापरणाऱ्यांशी बोलण्यासाठी काढलेले. नांगर विकून मोकळे होणाऱ्याला पत्र काढण्याची गरज भासत नाही. वस्तू शेतावर गेल्यानंतरच तिचे खरे आयुष्य सुरू होते, आणि फाळ झिजला, खिळा तुटला, बैल ओढीना, अशा बातम्या जोवर कारखान्यात परत येतात तोवरच पुढची वस्तू आधीच्या वस्तूहून चांगली होते. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यातही नांगरच होत होते. म्हणजे शेतकऱ्याला तुलना करायला दुसरा नांगर होता. जिथे ग्राहकाला दुसरीकडे जाता येते तिथे त्याचा नकार कारखानदाराच्या कानापर्यंत लवकर पोचतो.

रावसाहेब : कानापर्यंत पोचतो हे खरे, पण कान तयार असावा लागतो.

बापू : त्या तयार कानासाठी मी तुम्हाला मिरजेस नेतो. तिथले तंबोरे आणि सतारी करणारे घराणे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात राज्ये गेली, तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांनी हात वाद्यांकडे वळवला. हात कसबी होता, पण स्वराचा निर्णय हाताने होत नाही. मिरजेस राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई, की ज्याला वाद्याची दुरुस्ती स्वतः समजत होती, तो कारागिराच्या शेजारी बसून तार छेडायचा आणि इथे अजून मोकळी वाजत नाही म्हणायचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचे लाकूड ही सर्वांना सारखीच मिळतात. पण घोडी कानसेने किंचित घासून जवारी काढण्याचे जे काम आहे, तिथे मोजपट्टी निरुपयोगी ठरते आणि वापरणाऱ्याचा कान हेच माप होते. पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा वेगळा, बायकांचा वेगळा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कागदावर गावाचे आहे. मला विचाराल तर त्यात गवयांच्या कानांचाही हिस्सा आहे. वापरणारा कारखान्यात बसला पाहिजे, हा माझा दुसरा नियम.

रावसाहेब : दाखला सुंदर आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. गवई हा आपल्या विषयातला पंडित. त्याला काय हवे ते स्वराच्या बारकाव्यासह सांगता येते, आणि तो तुमच्या शेजारी चटईवर बसलेला असतो. हजारो गावांत विखुरलेला नांगरधारी तुमच्या चटईवर कसा बसणार? दुसरे असे, की पंडित नेहमी आहे तीच वस्तू अधिक नाजूक करून मागतो. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी कोणत्या बुजुर्ग गवयाने मिरजेच्या कारागिराकडे मागितली होती? कोणीच नाही. आज ती घरोघर आहे, आणि आता तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजतो.

बापू : ती पेटी कोणाच्या घरी गेली ते पाहा. एका खोलीत राहणारी विद्यार्थिनी, जिला चार फूट उंच वाद्य ठेवायला जागा नाही, ते जुळवायला गुरू घरी नाही आणि मागे बसून छेडायला माणूस नाही. तिच्या घरी गेली. ही मुलगी मिरजेच्या दुकानात कधी आलीच नव्हती.

रावसाहेब : हेच मला तुमच्या तोंडून हवे होते! नोटीस ज्याला मिळालीच नाही त्याची हरकत नोंदवहीत येत नाही, आणि नोंदवही कोरी दिसली म्हणून अधिकारी खूश होतो. तुम्ही आलेल्या गिऱ्हाइकाला विचारता. न आलेल्याला कोण विचारणार? तुमच्या कडबा कापायच्या यंत्राचेच घ्या. पैसे मोजले मालकाने. पण चाक फिरवले गड्याने किंवा घरच्या बाईने. मालकाला विचाराल तर तो किंमत बोलेल. खांदा दुखतो हे त्याला काय ठाऊक? विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा असे जिथे असते, तिथे विकत घेणाऱ्याचे समाधान ही वस्तूच्या चांगुलपणाची साक्ष मानता येत नाही.

बापू : हे मी तुमच्याकडून घेतले; त्याची पावती लिहून देतो.

रावसाहेब : पावती नको, आणखी एक दाखला घ्या. आमच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून काम करते. तिथे पाणी मिसळलेल्या मद्यार्कावर चालणारी एक शेगडी तयार झाली. शुद्ध मद्यार्क महाग आणि भडकणारा; पाणी मिसळलेला स्वस्त आणि सुरक्षित, हा त्यामागचा विचार. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या हाती ती देऊन पाहिली. म्हणजे तुमच्या शास्त्राप्रमाणे वापरणाऱ्याला विचारले, आणि तिला ती मानवली. तरीही ती घरोघर गेली नाही, कारण मद्यार्क म्हटला की अबकारीचे कायदे आडवे येतात. तेव्हा वापरणारा आणि बनवणारा यांच्यामध्ये सरकार नावाचा एक तिसरा पक्षकार बसलेला असतो, आणि त्याची हरकत आधी वाचली नाही तर बाकीच्या दोघांची मने जुळूनही लग्न लागत नाही. हे मी सरकारी नोकर असून सांगतो आहे.

बापू : फलटणचे नाव काढलेत, तर त्याच संस्थेतल्या मेंढ्यांचे काय? माझ्या मते आपल्या दोघांचा निकाल त्या मेंढ्यांपाशी लागतो.

रावसाहेब : तो तर माझ्या बाजूचा दाखला आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोळ जातीची मेंढी जुळी देते. ते जुळेपण एका जनुकावर अवलंबून असते, हे ओळखून संस्थेने ते जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. माणदेशातल्या कोणत्या धनगराने बंगालच्या दलदलीतल्या मेंढीची मागणी केली होती?

बापू : कोणीच नाही. पण पुढचे सांगा. गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान. नुसता संकर करून सोडून दिला असता तर कोकरे दोन झाली असती, पण दोन्ही खुरटी. आणि बाजारात मेंढरू वजनावर जाते. म्हणून संस्थेने संकरित मेंढ्या पुनःपुन्हा दख्खनी रक्ताकडे वळवल्या, अशा रीतीने की जुळ्यांचा गुण तेवढा राहावा आणि अंगलोट, काटकपणा, माळावर चरण्याची सवय ही सारी दख्खनीच राहावी. दोन कोकरांना आईचे दूध पुरेल का, वाटचालीत दोन्ही जगतील का, हे धनगराचे प्रश्न जर प्रयोगशाळेने बाहेर ठेवले असते, तर वाण कागदावर राहिला असता. दिशा तज्ज्ञाने ठरवली, हे तुमचे खरे. पण त्या दिशेने किती जायचे आणि काय बरोबर न्यायचे, हे मेंढपाळाच्या हरकतींनी ठरवले. नांगराचेही तसेच आहे आणि तंबोऱ्याचेही. मी याहून अधिक काही मागत नाही.

रावसाहेब : तडजोड चांगली मांडलीत, आणि मी ती स्वीकारलीही असती, पण माझ्या पोटात एक हरकत अजून शिल्लक आहे, आणि ती तुमच्या कृष्णाकाठचीच आहे. वाडीला नांगरांमागून पंप होऊ लागले, डिझेल इंजिने झाली, सातारा रोडलाही इंजिने होऊ लागली, पुढे वीज आली. पंपाइतकी हवीहवीशी वस्तू या खोऱ्यात दुसरी झाली नसेल. त्याच्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले नाही, समजूत घालावी लागली नाही. शेतकरी स्वतः रांगेत उभा राहिला. गुण दिसायला अवधी लागत नव्हता. नदीचे पाणी डोळ्यांदेखत पाटात येत होते. तुमच्या सर्व नियमांना उतरलेली ही वस्तू. आणि तिचा शेवट? मिरज, वाळवा, पलूस या भागांत जाऊन पाहा. भारी काळ्या रानांत उसाला बेसुमार पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या, पांढऱ्या फटक पडल्या, आणि जिथे ऊस डोलत होता तिथे आता काहीच उगवत नाही. लोखंडाने जमीन नासेल अशी धास्ती ज्यांनी घेतली त्यांची जमीन नांगराने नासली नाही; जे पाणी आनंदाने मागून घेतले त्याने ती नासली.

बापू : दोष पंपाचा नाही, रावसाहेब. निचरा केला नाही, पाणी मोजले नाही, उसाशिवाय दुसरे पीक घेतले नाही.

रावसाहेब : मी पंपाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीतच नाही. मी विचारतो आहे तुमच्या पद्धतीला. वापरणाऱ्याचा नकार वाचावा, हे तुम्ही शिकवता. पण जिथे नकारच येत नाही, सगळा होकारच होकार असतो, तिथे काय वाचायचे? त्या शेतकऱ्याच्या नातवाला नोटीस कोणी पाठवली होती?

बापू : (थोडे थांबून) प्रश्न खरा आहे, आणि कारखानदार म्हणून मला अडचणीत टाकणारा आहे, कारण मोठा पंप विकला तर मला अधिक मिळते, आणि गिऱ्हाईकही मोठाच मागतो. तरी उत्तर देतो. शेतकऱ्याला पंप नको असतो, पिकाला पुरेसे पाणी हवे असते; आणि पुरेसे म्हणजे किती, हे सांगणे वस्तूचाच भाग आहे. ठिबक संच विकणाऱ्याला हे सांगावेच लागते, कारण त्याची वस्तू मोजून पाणी देण्यासाठीच जन्मलेली असते. पंप विकणाऱ्याने ते सांगितले नाही, सरकारने सांगितले तर ते कोणी ऐकले नाही, आणि साखर कारखान्याला उसाचे टन हवे होते. पण तुमची सूचना मी माझ्या नियमांत घालून घेतो. नवी वस्तू काढताना कागदावर चार रकाने आखावेत: पैसे कोण देणार, हाताने वापरणार कोण, फसल्यास नुकसान कोणाचे, आणि ज्याला विचारलेच नाही असा कोण उरला. यातला चौथा रकाना रिकामा दिसला तर काम तिथेच थांबवावे. कारण असा कोणी उरलाच नाही, हे कधीही खरे नसते.

रावसाहेब : त्याला पाचवा रकाना जोडा, आणि तो माझा. सहीचा. दफ्तरातला कोणताही फैसला सहीशिवाय पुरा होत नाही. हरकती शंभर आल्या, त्या ऐकल्या, तोलल्या, काही मान्य केल्या, काही फेटाळल्या; पण शेवटी निकाल मी दिला, आणि अपिलात तो फिरला तर नाव माझे निघते, हरकतदारांचे नव्हे. तुमच्या ‘ग्राहकाला विचारा’ या मंत्राची मला जी चीड आहे ती एवढ्याचसाठी, की वस्तू फसली की बनवणारा हात झटकून म्हणतो, लोकांनीच मागितले होते! लक्ष्मणरावांनी दोन वर्षे न खपलेल्या नांगरावर आपले नाव ठेवले होते. मागितलेल्या वस्तूवरही बनवणाऱ्याने तसेच आपले नाव घालावे, आणि तिच्या परिणामाची जबाबदारी मागणाऱ्यावर ढकलू नये. मग खुशाल साऱ्या गावाला विचारा.

बापू : सही करतो. फक्त तुमच्या खात्यातली एक रीत माझ्या कारखान्यात चालणार नाही, रावसाहेब. तुमच्याकडे हरकतीची मुदत संपते.